काउंटरवरचा फोन वाजेनासा झाला

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं की नागपुरात खोली मिळणं अवघड होतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी या शहराच्या वाट्याला येणारी ही गर्दी. मंत्री, आमदार, अधिकारी यांची सोय सरकार बघतं. यशवंत स्टेडियमला धरणं द्यायला येणाऱ्या आशा सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कंत्राटी कर्मचारी यांची सोय कुणी बघत नाही. ते बर्डीत नाहीतर स्टेशनजवळ लॉज शोधतात, आणि हल्ली गावातून निघायच्या आधीच फोनवरच्या नकाशात शोधतात. नकाशात जो नंबर दिसेल तो लावतात, मागितला तेवढा अ‍ॅडव्हान्स पाठवतात.

खाली ज्या लॉजची हकिगत आहे ते मी रचलेलं आहे. मात्र ज्या पायऱ्यांनी ते बुडतं, त्या सगळ्या खऱ्या आहेत.

शनिवार, रात्री ११:४० (१७४ तास आधी)

बर्डीतलं चौदा खोल्यांचं लॉज. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर एकच जीमेल कायम उघडं असतं. दिवसपाळीचा मुलगा, रात्रपाळीचा मुलगा, मालक, सगळ्यांना तेच. पासवर्ड रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला. लॉजची गूगल बिझनेस प्रोफाइल याच खात्यावर आहे.

एक मेल येतो: कुणीतरी तुमच्या प्रोफाइलची मालकी मागत आहे. मेल बनावट नाही, गूगलचाच आहे. अशी विनंती कुणालाही करता येते. ती आली की चालू मालकाला उत्तरासाठी साधारण तीन दिवस मिळतात आणि ‘नाही’ म्हणायला एक बटण पुरतं. विनंती करणाऱ्याने नाव घेतलंय ते एखाद्या बुकिंग कंपनीसारखं. रात्रपाळीच्या मुलाला वाटतं, मालकानेच काही सुरू केलं असेल. तो मान्य करतो आणि आलेल्या पाहुण्याला चावी द्यायला उठतो.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. हा निर्णय त्याच्यासमोर यायलाच नको होता.

रविवार, सकाळी १० (१६४ तास आधी)

आता प्रोफाइलला दोन मालक आहेत. गूगलचा एक नियम इथे लॉजच्या बाजूने आहे: नव्या मालकाला पहिले सात दिवस जुन्या मालकाला काढता येत नाही, मुख्य मालकी स्वतःकडे घेता येत नाही, प्रोफाइल पुसताही येत नाही. या सात दिवसांत कुणीही ‘पीपल अँड अ‍ॅक्सेस’ उघडून बघितलं असतं, तर अनोळखी नाव दिसलं असतं आणि तिथल्या तिथे काढून टाकता आलं असतं. काउंटरमागच्या खिळ्यावर एक चावी कमी दिसली तर मालक रात्री झोपणार नाहीत. ही यादी त्यांनी कधी उघडलेलीच नाही.

सोमवार, दुपारी २ (१३६ तास आधी)

फोन नंबर बदलला जातो. फोटो तेच, पत्ता तोच, जुन्या पाहुण्यांनी दिलेले तारे तेच. फक्त दहा आकडे वेगळे.

ही युक्ती नवी नाही. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाने महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे अशाच तक्रारी दिल्या होत्या. तेव्हा तर मालकी घ्यायचीही गरज पडली नव्हती. नकाशात कुणालाही बदल सुचवता येतो, त्या सोयीतून ठगांनी बँकेच्या शाखांचे नंबर बदलून आपले टाकले. आपण बँकेशीच बोलतोय असं समजून लोक कार्डाचे गुप्त आकडे सांगून बसले. अमेरिकेत २०१४ मध्ये ब्रायन सीली या माणसाने ही ढिलाई दाखवून देण्यासाठी एफबीआय आणि सीक्रेट सर्व्हिसच्या कार्यालयांच्या नावाने आपले नंबर नकाशात टाकले आणि त्यांना येणारे फोन स्वतःकडे वळवून दाखवले. तिथे हे जमतं, तर बर्डीतल्या लॉजचं काय?

गुरुवार, दुपारी १२ (६६ तास आधी)

काउंटरवरचा फोन शांत आहे. अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात हा फोन ठेवायला फुरसत नसते. “दोन माणसं, तीन रात्री, पंखा चालेल” अशी बोलणी दिवसभर चालतात. या वर्षी मंगळवारी चार फोन, बुधवारी दोन, आज एकही नाही.

“काकाजी, फोन कायले नाही येऊन राहिला?” दिवसपाळीचा मुलगा विचारतो.

मालक रिसीव्हर उचलून बघतात. टोन येतो. मोबाइलवरून लावून बघतात, घंटी वाजते. मग ते स्वतःची समजूत घालतात: अधिवेशन यंदा लवकर गुंडाळणार म्हणतात, लोक कमी येत असतील. तारेत दोष शोधून झाला, बाजारात शोधून झाला. आपल्याच लॉजचं नाव गूगलवर टाकून बघायचं कुणाला सुचत नाही. छोटा दुकानदार आपली पाटी रोज पुसतो, पण गिऱ्हाइकाला दिसणारी पाटी आता दुसरीकडेही आहे. तिच्यावर कोण काय लिहू शकतं हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. प्रोफाइल बनवून देणारा पोरगा पैसे घेऊन गेला. मुख्य मालक, मालक आणि मॅनेजर यांच्या अधिकारात काय फरक असतो, ते न सांगता.

तो फरक कामाचा आहे. मॅनेजर नंबर, वेळा, फोटो बदलू शकतो, पण माणसं आत घेऊ किंवा बाहेर काढू शकत नाही. काउंटरवरच्या खात्याला मॅनेजरचा अधिकार आणि मालकी मालकांच्या खासगी खात्यावर, एवढी वाटणी असती तर शनिवारचा मेल काउंटरवर आलाच नसता.

शुक्रवार, रात्री ९ (३३ तास आधी)

यवतमाळचे एक जुने पाहुणे मालकांच्या मोबाइलवर फोन करतात. “भाऊ, तुमचा माणूस पूर्ण पैसे आधीच मागून राहिला. असं कधीपासून?” मालक म्हणतात, “आमचा कोणी नाही मागत, तुम्ही या बिनधास्त.” आणि फोन ठेवतात. आठवड्यातला हा एकमेव इशारा.

शनिवार, रात्री ११:४० (६ तास आधी)

सात दिवस भरले. नवा मालक मुख्य मालकी स्वतःकडे घेतो आणि लॉजचं खातं यादीतून काढतो.

रविवार, सकाळी ६

पहिल्या गाडीने आलेल्या पाच आशा सेविका काउंटरपाशी उभ्या आहेत. त्यांच्यातली एक मोबाइल पुढे करते: दोन खोल्या, तीन रात्री, पैसे दिल्याचा हिरवा टिक, आणि खाली खातेदाराचं नाव, जे ना लॉजचं आहे ना मालकांचं. रजिस्टरमध्ये त्यांची नोंद नाही. आठ वाजेपर्यंत आणखी तीन घोळके येतात. महिन्याच्या तुटपुंज्या मानधनातून वर्गणी काढून आलेल्या बाया आहेत या. त्या ओरडतात ते योग्यच आहे, आणि ज्याच्यावर ओरडतात त्याच्या हाती एक रुपयाही आलेला नाही.

मालक गूगल उघडतात. स्वतःचं लॉज दिसतं, त्याखाली परका नंबर दिसतो, आणि ‘बदला’ हे बटण आता त्यांच्यासाठी नाही.

सकाळी ८:३०

इथून पुढचं सगळं धावपळीचं. आधी पैसे: सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, आणि तोही ज्यांचे पैसे गेले त्यांनी, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. तक्रार लवकर पोहोचली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. म्हणून मालक स्वतःचं रडगाणं बाजूला ठेवून एकेकीला काउंटरवरच्या फोनवरून नंबर लावून देतात. मग सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली: दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मग गूगलकडे मालकी परत मागण्याचा अर्ज. त्यासोबत परवाना, वीज बिल, पाटी दिसेल असा दर्शनी भागाचा व्हिडिओ. उत्तर यायला दिवस लागतात, आणि तोवर परका नंबर नकाशात तसाच राहू शकतो. म्हणून दारावर, स्टेशनबाहेरच्या ऑटोवाल्यांकडे आणि स्टेडियमच्या फाटकाशी हाताने लिहिलेले कागद लावायला दोन्ही पाळ्यांची मुलं बाहेर पडतात: आमचा नंबर हाच, दुसऱ्या कुठल्याही नंबरवर पैसे पाठवू नका.