फोटोला हात लावताना

मोबाइलमध्ये कॅमेरा आला आणि घरोघरी छायाचित्रकार झाले. फोटो काढायचा, लगेच उजळ करायचा, मध्ये आलेला नको तो माणूस बोटाने पुसून टाकायचा! हे पाहून जुनी मंडळी म्हणतात, ‘आमच्या वेळचे फोटो खरे होते हो!’ मला हे म्हणणे पुरते पटत नाही. फोटोत फेरफार करण्याची कला जवळजवळ फोटोइतकीच जुनी आहे. तिचा इतिहास कळला, तर नव्याने शिकणाऱ्याला कुठे हात लावावा आणि कुठे थांबावे हेही कळते.

आकाशापासून सुरुवात करू. १८५० च्या दशकात काचेवर रसायनाचा लेप देऊन फोटो काढू लागले. तो लेप निळ्या प्रकाशाने फार लवकर उमटे. जमीन किंवा समुद्र नीट यावा एवढा वेळ प्रकाश दिला, की आकाश कोरे पांढरे! फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी. दोन्ही क्षितिजरेषेवर जुळवून एकच प्रिंट. आजचा मोबाइल ‘एचडीआर’मध्ये कमी-अधिक प्रकाशाचे फोटो एकत्र करतो, त्याचे तत्त्व हेच. यातून घ्यायचा धडा असा: डिजिटल फोटोत जो भाग पार पांढरा झाला, तिथला तपशील परत येत नाही. काळोखातला मात्र बराच वर काढता येतो. म्हणून उन्हात फोटो काढताना उजळ भाग पाहून प्रकाश ठरवावा.

दुसरी गोष्ट डार्करूममधली. तिथे कागदावर जितका प्रकाश पडेल, तितका तो काळा होतो. चेहरा काळवंडत असेल, तर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरायची. तेवढा भाग उजळ राहतो. आकाश फिके असेल, तर बाकीचे हाताने झाकून आकाशाला जादा प्रकाश द्यायचा. यालाच डॉजिंग आणि बर्निंग म्हणतात. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉपने ही नावे उचलली, आणि खुणाही त्याच: दांडीवरची चकती आणि मुडपलेला हात.

अमेरिकेचे ॲन्सेल ॲडम्स यात उस्ताद. त्यांनी १९४१ मध्ये टिपलेल्या ‘मूनराइज’ या प्रसिद्ध चित्रातले आकाश पुढे प्रिंट काढता काढता अधिकाधिक काळेभोर होत गेले. ॲडम्स मुळात पियानो शिकलेले. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असे ते मानत. पण चकती एका जागी स्थिर ठेवली, तर तिची कडा कागदावर उमटते. म्हणून हात सतत हलता ठेवायचा. संगणकावरही नियम हाच. थोडे थोडे करावे. कडा दिसली, की काम फसले.

आता आपल्या मुंबईत येऊ. इथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळचे जाणते छायाचित्रकार. त्याच मुंबईतल्या विल्यम जॉन्सन यांनी शहरातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतली माणसे वेगळी टिपलेली, मागची दृश्ये वेगळी, आणि दोन्ही एकत्र जोडलेली! दीडशे वर्षांपूर्वीचे हे ‘कट-पेस्ट’च. असे जोडकाम करायचे असो वा ओळखायचे असो, आधी सावली पाहावी. माणसावरचा उजेड आणि मागच्या देखाव्यावरचा उजेड एकाच बाजूने आला पाहिजे.

इथवर सारे कौतुकाचे. पण हेच कसब दुसऱ्या कामीही आले. सोव्हिएत रशियात १९३७ मध्ये मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी निकोलाय येझोव्ह उभा असलेला फोटो निघाला. येझोव्ह गुप्त पोलिसांचा प्रमुख. त्याच्याच अमलात हजारो माणसे नाहीशी झाली. पुढे त्याचीही मर्जी गेली, १९४० मध्ये त्याला गोळ्या घातल्या आणि फोटोतूनही पुसून टाकले. त्याच्या जागी कालव्याचे पाणी रंगवले. आज हे आपल्याला कळते, ते मूळ फोटो कुठेतरी शिल्लक राहिला म्हणून.

म्हणून शिकणाऱ्यांना मी दोनच गोष्टी बजावतो. प्रकाश, रंग, चौकट हवी तशी सजवा. पण जे घडले त्याची आठवण म्हणून ठेवायच्या फोटोत माणसे आणि घटना जिथल्या तिथे राहू द्या. आणि मूळ फोटोवर कधीच काम करू नका. त्याची नक्कल घ्या, तिच्यावर प्रयोग करा. मूळ प्रत नाव आणि तारीख लिहून बाजूला ठेवा. घरच्या लग्नाच्या फोटोतून आज रुसव्यापोटी कुणाला पुसाल. पण आणखी तीस वर्षांनी नातवंडे विचारतील, ‘आत्या लग्नाला आलीच नव्हती का?’ तेव्हा दाखवायला ती प्रत हाताशी असू द्या.