जुनी गाडी, खारा वारा: रिस्टोरेशनसाठी रंग कोणता निवडायचा?

आगरदांड्याहून सुटलेली जंगलजेट्टी राजपुरीची खाडी ओलांडून दिघीच्या धक्क्याला लागते. खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसत असतो आणि बोटीवर उभ्या गाड्यांच्या काचांवर मिठाचा बारीक थर बसलेला असतो. काच पुसली की हा थर जातो. पण दाराच्या खालच्या कडेत, मडगार्डच्या आत आणि बोनेटच्या घडीत बसलेलं मीठ तिथेच राहतं.

नवी गाडी हे काही वर्षं सहन करते. अंगणातल्या पडवीत उभी असलेली आजोबांची प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा जुनी जीप मात्र फार दिवस सहन करत नाही. म्हणूनच दिघी, श्रीवर्धन, मुरुडसारख्या ठिकाणी जुनी गाडी पुन्हा उभी करताना रंग निवडणं हा फक्त हौसेचा विषय उरत नाही. चुकीचा रंग पहिल्या दिवशी झकास दिसतो आणि एका पावसाळ्यात फुगतो. तेव्हा गाडीचा पत्रा पुन्हा उघडा करावा लागतो. जुन्या गाड्यांचा चांगला पत्रा आता सहज मिळत नाही.

आधी बघा, अंगावर कोणता रंग आहे

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनवली. 1974 मध्ये हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून उतरली. इतक्या जुन्या गाडीवर आज दिसणारा रंग कारखान्यातलाच असेल असं समजू नका. बहुतेक वेळा खाली दोन-तीन वेळचं डेंटिंग-पेंटिंग दडलेलं असतं.

ओळखण्याची सोपी चाचणी अशी: डिकीच्या आतली किंवा दाराच्या कडेची न दिसणारी जागा निवडा. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर एनसी थिनर घेऊन मिनिटभर हलक्या हाताने घासा.

- रंग विरघळून फडक्यावर आला, तर तो एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर असण्याची शक्यता जास्त.
- रंग सुरकुतला किंवा मऊ पडला, तर तो हवेत सुकलेला सिंथेटिक इनॅमल असू शकतो.
- काहीच झालं नाही, तर तो हार्डनर घातलेला टूके रंग किंवा भट्टीत भाजलेला कारखान्याचा रंग असू शकतो.

ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण खालच्या थराला वरच्या थरातलं थिनर सोसलं पाहिजे. इनॅमलवर एनसी मारला की एनसीमधलं तीव्र थिनर खालचा थर उचलतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. जुन्या एनसीवर थेट टूके मारला तरी तडे जाण्याचा धोका असतो. थर जास्त असतील, भेगा असतील किंवा खाली गंज दिसत असेल तर पत्र्यापर्यंत जाणं हाच खात्रीचा मार्ग.

बाजारात मिळणारे चार पर्याय

एनसी लॅकर. गॅरेजवाले याला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात. हे नाव ड्यूपॉन्ट या अमेरिकन कंपनीच्या 1920च्या दशकातल्या रंगावरून आलं. तो येण्याआधी एक गाडी रंगवायला आठवडे लागत. एनसी फक्त थिनर उडून गेल्याने सुकतो, त्यामुळे काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो. तो घासून-पॉलिश करून जुन्या गाडीला शोभेल अशी खोल, मऊ चमक आणता येते. डाग पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. तोटे: थर पातळ बसतो, पेट्रोल सांडलं की खराब होतो, उन्हात फिका पडतो आणि वर्षांनंतर तडकतो. दमट हवेत मारला तर त्यावर पांढरट ढग येतात. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते, म्हणून हे होतं. किनाऱ्यावर हा त्रास नेहमीचा आहे.

सिंथेटिक इनॅमल. स्वस्त, मारायला सोपा, हार्डनरशिवाय चालणारा. ट्रॅक्टर, ट्रकची बॉडी, लोखंडी फाटकं यांवर हाच दिसतो. हवेतला ऑक्सिजन घेऊन तो हळूहळू कडक होतो, पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात. कामाच्या जीपला चालेल. पण चमक लवकर उतरते आणि दुरुस्ती करताना जोड दिसतो.

टूके पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. यात रंग आणि हार्डनर असे दोन भाग ऐनवेळी मिसळतात. दोघांची रासायनिक जोडणी होते, त्यामुळे सुकलेला थर थिनरने विरघळत नाही. ऊन, पेट्रोल आणि खारी हवा यांना तो या चौघांत सगळ्यांत चांगला तोंड देतो. एकाच थरात रंग आणि चमक देणारा ‘सिंगल स्टेज’ प्रकार साध्या रंगांत मिळतो. जुन्या गाडीवर तो क्लिअर कोट चढवलेल्या रंगापेक्षा जास्त शोभतो. मेटॅलिक रंगाला मात्र सहसा वरून क्लिअर कोट लागतो.

वॉटरबेस. आजच्या कारखान्यांत आणि मोठ्या वर्कशॉपमध्ये वापरतात. यातलं पाणी उडून जायला कोरडी, खेळती हवा लागते आणि वरून क्लिअर कोटही लागतो. बूथ नसेल तर किनाऱ्यावर याच्या वाटेला जाऊ नये.

खरी लढाई रंगाच्या खाली असते

किनाऱ्यावरच्या गाडीचा रंग बहुतेक वेळा वरून खराब होत नाही, तो खालून उचलला जातो. पत्र्यावर मिठाचे कण राहिले आणि त्यावर रंग बसला, तर ते मीठ रंगातून ओलावा ओढून घेतं. मग बारीक फोड येतात आणि फोडाखाली गंज सुरू होतो. वर कितीही महाग पीयू मारला तरी हे थांबत नाही. म्हणून क्रम असा ठेवा:

1. घासायला सुरुवात करण्याआधीच गाडी गोड्या पाण्याने भरपूर धुवा. समुद्राजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. धुतल्यावर गाडी पूर्ण कोरडी करा, मगच घासकागद हातात घ्या. आधी घासलं तर मीठ पत्र्यात रगडलं जातं.
2. जुना रंग वॉटर पेपरने ओला घासा. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांमध्ये, शिसं असू शकतं. कोरडी धूळ उडाली तर ती घरात आणि मुलांपर्यंत जाते.
3. उघडा झालेला पत्रा गोड्या पाण्याने पुन्हा धुवा, लगेच पूर्ण वाळवा आणि मेणतेल काढणाऱ्या क्लीनरने पुसा. त्यानंतर हात लावू नका, घामातही मीठ असतं.
4. त्याच दिवशी टूके इपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा किनाऱ्यावर रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते.
5. लांबी, म्हणजे पुट्टी, इपॉक्सीच्या वर भरा. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती थेट पत्र्यावर नको आणि ती कोरडीच घासा, मास्क लावून.
6. त्यावर सरफेसर आणि शेवटी रंग. दोन थरांमध्ये किती वेळ सोडायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा.

नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसाळाभर उभी ठेवणं ही नेहमीची चूक. हा थर पाणी पूर्ण अडवत नाही, आणि दिवाळीत काम पुन्हा सुरू करताना खाली गंज तयार असतो.

आणखी एक. पत्रा एका गावात उघडा करून गाडी रंगासाठी दुसरीकडे नेऊ नका. उघड्या पत्र्याची बॉडी जंगलजेट्टीवरून नेणं म्हणजे तिला खाऱ्या तुषारांनी अंघोळ घालणं. जिथे इपॉक्सी मारायचा आहे, तिथेच रंग काढा.

कधी मारायचा?

जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरातही हवा दमट असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण पहाटेचं दव पूर्ण उडाल्यावर. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सिअस जास्त असावं, असा नियम रंगकामात पाळला जातो. संध्याकाळी हवा थंड होण्याआधी शेवटचा हात कोरडा झालेला हवा. टूकेचा हार्डनर ओलाव्याशी पटकन क्रिया करतो. दमट हवेत किंवा कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी असेल तर बुडबुडे येतात आणि चमक मरते. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच.

टूके अंगणात मारू नका

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारताना त्यांची वाफ आणि तुषार श्वासात गेले तर दमा होऊ शकतो. एकदा शरीराला त्यांची अॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येऊ शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क याला अडवत नाही. कार्बनचा मास्क कधी निकामी झाला हे वासावरून कळत नाही. यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख लागतो.

कोकणात घरं जवळजवळ असतात, शेजारच्या ओटीवर म्हातारी माणसं आणि मुलं बसलेली असतात. त्यामुळे टूके रंग पेंट बूथ असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्या. गॅरेज निवडताना पेंटर कोणता मास्क वापरतो हेही बघा. जो स्वतःचा जीव जपत नाही तो डब्यावरच्या सूचना पाळेल याची खात्री काय?

मूळ छटा आणि कायदा

मूळ रंग शोधायचा असेल तर डॅशबोर्डखाली, दाराच्या रबरामागे किंवा डिकीच्या अस्तराखाली बघा. तिथे ऊन पोहोचलेलं नसतं.

आरसी बुकात रंगाची नोंद असते. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारून नोंद बदलून घ्या. जुन्या जीपला फौजी हिरवा रंग देण्याचा मोह अनेकांना होतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी घेता येते. त्यासाठी चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांसाठीच ती बाहेर काढायची असते.

मग निवडायचं काय?

- गाडी किनाऱ्यावरच राहणार आणि चालणारही असेल: पत्र्यापर्यंत सफाई, इपॉक्सी प्रायमर, वर सिंगल स्टेज टूके.
- व्हिंटेज गाडी, बंद कोरड्या गॅरेजमध्ये, आणि मूळ एनसी रंग बऱ्यापैकी शाबूत: पूर्ण रंगवू नका. जिथे गेला आहे तिथे एनसीनेच दुरुस्ती करून पॉलिश करा. मूळ रंग एकदा काढला की परत येत नाही.
- शेताच्या, बंदराच्या कामाची जीप, खर्च कमी: इपॉक्सी प्रायमर आणि वर इनॅमल. बचत करायची तर वरच्या रंगात करा, प्रायमरमध्ये नको.

रंग झाल्यावर दाराखालची पाणी जाण्याची भोकं मोकळी आहेत ना ते तपासा. रंग न पोहोचलेल्या पोकळ जागांत गंजरोधक मेण सोडून घ्या. पहिला महिनाभर वॅक्स लावू नका. आणि खाडी ओलांडून आलात की त्याच दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुवा, खालच्या बाजूनेसुद्धा.