मर्ल (श्वानांचा रंग)

मर्ल हा श्वानांच्या केसांचा एक आनुवंशिक रंगप्रकार होय. यात मूळ काळा किंवा तपकिरी रंग ठिकठिकाणी फिका पडतो व त्यावर गडद रंगाचे वेडेवाकडे चट्टे उरतात. डोळे पुष्कळदा निळे असतात. कधी एकच डोळा निळा असतो. काळ्या श्वानातील या प्रकारास ‘ब्लू मर्ल’ म्हणतात, मात्र नावात निळा असला तरी केसांचा रंग करडाच असतो. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, बॉर्डर कोली, शेटलंड शीपडॉग या मेंढपाळी जातींत मर्ल विशेष आढळतो. डॅक्सहुंड जातीत त्यालाच ‘डॅपल’ हे नाव आहे.

जनुकीय कारण

मर्लचे कारण ली अ‍ॅन क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शोधून काढले. श्वानाच्या दहाव्या गुणसूत्रावरील पीमेल या जनुकात डीएनएचा एक लहानसा जादा तुकडा शिरलेला असतो. पीमेलपासून बनणारे प्रथिन रंजकपेशींतील सूक्ष्म तंतू घडवते आणि त्या तंतूंवर गडद रंजकद्रव्य साठते. तंतूंची घडण बिघडली की रंग फिका पडतो. जादा तुकड्याच्या शेपटाकडे अ‍ॅडेनिन या घटकाची सलग साखळी असते. ती आखूड असल्यास परिणाम जवळजवळ दिसत नाही. लांब असल्यास फिकेपणा ठळक होतो.

दुहेरी मर्ल

मर्ल दिसण्यास या जनुकाची एकच बदललेली प्रत पुरते. नर व मादी दोघांकडे अशी एकेक प्रत असेल, तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही बदललेल्या प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. अशी पिल्ले बहुधा बरीचशी पांढरी असतात. पांढऱ्याशुभ्र केसांपायी त्यांना मागणी यावी, ही खेदाची गोष्ट आहे. त्यांच्यापैकी काहींचे डोळे जन्मतःच लहान व सदोष असतात, तर काही बहिरी असतात. आंतरकर्णातील संवेदी पेशी जिवंत राहण्यासाठी तेथे रंजकपेशी असाव्या लागतात, त्यामुळे रंगाचा दोष श्रवणापर्यंत पोहोचतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५३ मर्ल श्वानांचे श्रवण तपासले गेले. एक प्रत असलेल्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के, तर दोन प्रती असलेल्यांपैकी २५ टक्के श्वान एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले. ब्रिटनमधील द केनेल क्लब ही संस्था २०१३ पासून दोन मर्ल श्वानांच्या पिल्लांची नोंदणी करीत नाही.

लपलेला मर्ल

मर्लचा परिणाम फक्त काळ्या-तपकिरी रंजकद्रव्यावर होतो, तांबूस-पिवळ्यावर होत नाही. म्हणून पूर्णतः तांबूस वा फिकट पिवळ्या श्वानात हे जनुक असूनही अंगावर खूण नसते. अशा श्वानाची जोडी उघड मर्लशी लावल्यास दुहेरी मर्ल पिल्ले अनपेक्षितपणे जन्मतात. केवळ रंग पाहून हा धोका ओळखता येत नाही. त्यासाठी जोडी लावण्यापूर्वी जनुकीय चाचणी करावी लागते.