दूरचा स्वर आणि घरचा स्वर

तंबोरा जुळवितांना दोन तारा किंचित् फरकानें लागल्या, तर नादांत एक संथ हेलकावा ऐकूं येतो. त्याचा वेग दोन्ही तारांच्या कंपनसंख्यांतील अंतराइतका असतो. बिनतारी ग्राहकयंत्रांतील मिक्सर, अर्थात् मिश्रक मंडल, या अंतरालाच कामास लावितें. दूरून आलेली लहर व यंत्रांतच उत्पन्न केलेली लहर यांचा तें जणूं गुणाकार करितें. त्यांतून वजाबाकीची, म्हणजे खालची, कंपनसंख्या हातीं येते आणि तिला गाळणें व वाढविणें सुलभ होतें.

ही कल्पना रेजिनाल्ड फेसेंडेन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मांडली. पहिल्या महायुद्धांत ल्युसिआं लेव्ही व एडविन आर्मस्ट्राँग यांनीं तिच्यावरून सुपरहेटरोडाइन ग्राहकयंत्राची रचना सिद्ध केली. पुढें १९२७ सालीं इंग्लंडशीं बिनतारी दळणवळण सुरू झालें, तेव्हां संदेश धाडण्याचें केंद्र खडकीस व ग्रहण करण्याचें दौंडास होतें. पुणें जिल्ह्याचा या विद्येशीं संबंध असा जुना आहे.

त्या काळच्या व्हॉल्व्हना भरपूर विद्युद्दाब लागे. ट्रान्झिस्टरनें ती गरज कमी केली. १९६८ सालीं बॅरी गिल्बर्ट यांनीं प्रसिद्ध केलेल्या मंडलांत ट्रान्झिस्टर एकावर एक मजल्यांसारखे रचलेले असतात: खालीं येणारी लहर घेणारी जोडी, वर तिची दिशा पालटणारी चौकडी, त्यावर भार. प्रत्येक मजला दाबाचा आपला वाटा मागतो. आज कोथरूडच्या रस्त्यानें जाणाऱ्याच्या खिशांतील फोनांत मात्र पुष्कळ मंडलांना एका व्होल्टाच्या आसपास दाबावर काम भागवावें लागतें. मग मजले खालीं उतरवून शेजारीं शेजारीं मांडतात; पण त्यामुळें प्रवाह अधिक खर्च होतो. केवळ स्विचांचा मिश्रक वापरावा, तर लहर क्षीण होते व वर्धकावर ओझें पडतें. फुकटचा उपाय कोणताच नाहीं. दाबाची ओढाताण झाली, कीं प्रबळ लहरींच्या परस्परसंयोगानें मूळांत नसलेले खोटे स्वर जन्मास येतात.

हा खोटेपणा सर्वांत महाग कोठें पडतो, तें कोथरूडहून सुमारे ८० किलोमीटरांवर, नारायणगांवाजवळच्या खोडद येथें दिसतें. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभ्या राहिलेल्या या महादुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ३० डिशा आहेत व प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पूर्वी आकाशांतील लहरींची कंपनसंख्या डिशेपाशींच मिश्रकानें उतरवून ती तंतूंवाटे मुख्य इमारतींत नेत, आणि एका वेळीं फार तर ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा तपासतां येई. नूतनीकरणानंतर मूळ रुंद पट्टाच तंतूवरून येतो, मिश्रण मुख्य इमारतींत होतें व रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत पोंचली आहे.

परंतु दार रुंद केलें, कीं पाहुण्यांबरोबर परकेही शिरतात. फोनांचा, प्रक्षेपकांचा कल्लोळ त्याच पट्ट्यांच्या आसपास वावरतो. खोडदला बॅटरीची नड नाहीं. तरी मिश्रकाच्या सरळपणाची कसोटी तेथें अधिक कठीण आहे. खिशांतल्या यंत्रांत खोटा स्वर उमटला, तर फार तर संभाषण तुटेल. तेथें उमटला, तर तो आकाशाचा म्हणून लेखला जाण्याचें भय आहे. ज्यांच्या सोयीसाठीं हा कल्लोळ वाढला, त्या आपण पुणेकरांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें, कीं शेजारीं कोणी फार दूरचें ऐकत बसलें आहे.