देवळालीचे ६१७४ आणि न थांबणारा प्रश्न

१/ नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत एक नवल मांडले.

२/ सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी.
३५२४ : ५४३२−२३४५=३०८७
८७३०−०३७८=८३५२
८५३२−२३५८=६१७४
पुढे ६१७४ हेच उत्तर येत राहते.

३/ प्रत्येक संख्या तिथेच पोहोचते का? होय, फार तर सात पायऱ्यांत. अशा संख्या ८,९९१ च असल्याने एकेक तपासता येते.

४/ पण कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही, हे सांगणारी एकच रीत आहे का? ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवले की नाही. असा ‘पंच’ असता, तर त्याच्या निकालाच्या नेमके उलट वागणारा प्रोग्राम रचता आला असता आणि पंच खोटा ठरला असता.

५/ कृत्रिम बुद्धिमत्ताही प्रोग्रामच असल्याने तिलाही ही मर्यादा चुकत नाही. प्रत्येक प्रोग्रामची हमी देणारा सर्वज्ञ यंत्रपंच तीही होऊ शकत नाही. आखलेल्या चौकटीत मात्र खात्री मिळवता येते. ६१७४ ची खात्री याच प्रकारची आहे.