गुळाच्या पाकातले लिमा

पेरू म्हटले की आपल्याला आधी फळ आठवते आणि मग देश. हरकत नाही. ते फळही मूळचे अमेरिकेकडचेच आहे. पण या दिवाळीला फराळाच्या ताटाशेजारी त्या देशाचे दोन-तीन गोड पदार्थ मांडून पाहावेत असे मनात आहे. ते करायला अवघड नाहीत. त्यांना लागणारा भोपळा, रताळी, तांदूळ, नारळ आणि गूळ हे सारे सामान आपल्या फडताळात असतेच. मात्र ते करण्यापूर्वी त्यांची कुळकथा ऐकून घ्यावी, कारण ती पाकाइतकी गोड नाही.

१५३२ साली फ्रान्सिस्को पिझारोने काहामार्का येथे इंकांच्या राजाला पकडले आणि १५३५ मध्ये समुद्राजवळ लिमा हे नवे शहर वसवले. तोवर त्या भूमीत ऊस नव्हता, गहू नव्हता, गाई-म्हशींचे दूध नव्हते. मका होता, रताळे होते, भोपळा होता, भुईमूग होता. गोडवा काय तो फळांचा आणि कंदांचा. मक्याच्या पिठाची लापशी तिथे घरोघर शिजे. ऊस आणला तो स्पॅनिश लोकांनी, आणि गंमत अशी की त्यांना साखर ठाऊक झाली ती अरबांकडून आणि अरबांना आपल्या बाजूने. आपली शर्करा अरबांकडे ‘सुक्कर’ झाली आणि स्पेनमध्ये ‘आसुकार’. शब्द आणि वस्तू दोन्ही पृथ्वीला अर्धा वळसा घालून पेरूच्या किनाऱ्याला लागल्या. उलट दिशेने तिकडचे रताळे, लाल भोपळा आणि भुईमूग जहाजांतून इकडे आले आणि आपल्या स्वयंपाकघरात असे मिसळले, की आज एकादशीच्या उपासाला रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी चालते! धर्मशास्त्राने त्यांचे गाव विचारले नाही, हे बरेच झाले.

ऊस आला, पण तो तोडायचा कोणी आणि रस आटवायचा कोणी? पेरूच्या किनाऱ्याचा मुलूख बहुतेक वाळवंटी. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांतच काय ती शेती. तिथे मोठमोठ्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे राबवली गेली. या मळ्यांचे मालक जसे सरदार होते तसे जेझुइट पंथाचे पाद्रीही होते. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने त्या पंथाला हद्दपार केले, तेव्हा उसाच्या मळ्यांबरोबर गुलामांचीही मोजदाद झाली. भट्टीवरच्या कढया, घाणे आणि माणसे एकाच यादीत! शुभ्र साखर श्रीमंतांच्या घरी आणि जोगिणींच्या मठांत जाई. तिथे अंड्यांचा बलक, बदाम आणि साखर यांची नाजूक पक्वान्ने होत. गरिबाच्या वाट्याला येई ती ‘चान्काका’, म्हणजे रस आटवून साच्यात ओतलेली तांबूस ढेप. आपला गूळच तो. वासावरूनसुद्धा वेगळा ओळखता यायचा नाही.

लिमाचे जे पदार्थ लोकांच्या जिभेवर टिकले ते बहुतेक या ढेपेचे. ‘रानफान्योते’ घ्या. धन्याच्या घरचा उरलेला पाव वाळवून, भाजून, गुळाच्या पाकात टाकायचा आणि वर खोबरे, अक्रोड, मनुका घालायच्या. गुलामांनी उरल्यासुरल्याचे केलेले हे खाणे, असे तिकडे सांगतात. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू करणाऱ्या आपल्या आयांना ही युक्ती कोणी शिकवायला नको. दुसरा ‘आरोस साम्बितो’, म्हणजे गुळाची तांदूळखीर. दूध-साखरेची पांढरी खीर स्पेनहून आली. तीत गूळ पडला आणि ती सावळी झाली. आफ्रिकी आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या संकरातून जन्मलेल्याला ‘साम्बो’ म्हणत. खिरीला त्याच शब्दाचे लाडके रूप चिकटले. माणसाच्या कातडीवरून पदार्थाचे नाव ठेवणारे लोक ती खीर मात्र आवडीने खात, आणि त्या माणसाला शेजारी बसू देत नसत. नावात लाड आहेत खरे, पण मला त्यात अपमानच अधिक ऐकू येतो.

हे पदार्थ रस्त्यावर आणले बायकांनी. रिकार्दो पाल्मा (१८३३–१९१९) हा पेरूचा मोठा आख्यायिकाकार. जुन्या लिमात घड्याळाची गरज नव्हती, फेरीवाल्यांच्या आरोळीवरून वेळ कळे, असे सांगून त्याने तासातासाची यादीच दिली आहे. सकाळी सहाला दूधवाली, अकराला मठातली मिठाई विकणारी, दुपारी दोनला ‘पिकारोनेस’वाली, संध्याकाळी सातला मक्याची लापशी विकणारी. त्या काळच्या रस्त्यांवरची ही माणसे पाहायची असतील तर पान्चो फिएर्रोची जलरंगातली चित्रे पाहावीत. हा चित्रकार १८७९ मध्ये वारला. त्याची आई गुलाम होती. पाटी घेऊन बसलेली बाई त्याने काढली तर ती शोभेची बाहुली वाटत नाही. दिवसभर बसून अवघडलेली बाई वाटते. यांतल्या कित्येकींना विक्रीतला ठरलेला भाग धन्याला द्यावा लागे. उरलेले पैसे साठवून काहींनी स्वतःला विकत घेतले, स्वतःच्या मुलांनाही. एकेका वाटीचा हिशेब तिथवर पोहोचत होता.

त्या लापशीचे नाव ‘मासामोरा मोरादा’. मक्याची एक जात तिथे पिकते, दाणा आणि कणीस दोन्ही गडद जांभळी. ती कणसे दालचिनी, लवंग आणि अननसाच्या सालींबरोबर उकळून गाळायची आणि त्या रसाला रताळ्याच्या पिठाने दाटपणा आणायचा. वर लिंबू. लिमाकरांना हिचे इतके वेड, की त्यांचे टोपणनावच ‘मासामोरेरो’, लापशीखाऊ. ऑक्टोबर महिन्यात तर शहरच जांभळे होते. सतराव्या शतकात अंगोलातून आणलेल्या एका गुलामाने लिमाच्या एका भिंतीवर क्रुसावरच्या येशूचे चित्र काढले. १६५५ च्या भूकंपात आजूबाजूची घरे कोसळली, ती भिंत उभी राहिली. १६८७ च्या भूकंपानंतर त्या चित्राच्या प्रतिकृतीची मिरवणूक निघाली, आणि आजही ऑक्टोबरात जांभळी वस्त्रे घातलेली लाखो माणसे तिच्यामागून चालतात. त्याच दिवसांत ‘दोन्या पेपाचा तुर्रोन’ खातात. बडीशेपेच्या वासाच्या पिठाच्या कांड्या गुळाच्या घट्ट पाकात एकावर एक रचायच्या आणि वर रंगीत गोळ्या पेरायच्या. आख्यायिका अशी, की कान्येते खोऱ्यातल्या होसेफा मार्मानियो नावाच्या गुलाम बाईचे लुळे हात या देवाच्या कृपेने बरे झाले, आणि त्याच हातांनी तिने पहिली मिठाई करून वाहिली. आख्यायिका खरी की खोटी यात मी पडत नाही. ज्या शहराने साऱ्या चौकांना सेनापतींची नावे दिली, त्याने आपल्या सर्वांत लाडक्या मिठाईला एका गुलाम बाईचे नाव ठेवले, ही गोष्ट मला पुरे आहे.

१८२१ मध्ये पेरू स्वतंत्र झाला, पण गुलामी संपली ती १८५४ मध्ये, रामोन कास्तिया याच्या हुकुमाने. सुटका झालेल्यांची संख्या सुमारे २५ हजार. सरकारने भरपाई दिली ती मालकांना. राबलेल्यांच्या हाती दमडी पडली नाही. उसाच्या मळ्यांवर मग कराराने बांधलेले चिनी मजूर आले, त्यांचे हाल निराळे.

मठांतली ती नाजूक पक्वान्ने आता थोडीच उरली. त्यांच्या वळणाचा ‘सुस्पिरो’ मात्र, आटवलेल्या दुधावर फेसाचा मुकुट, सर्वत्र मिळतो. पण तो इतका गोड की दोन चमच्यांत मन भरते. आपण घरी करावेत ते दोनच.

खीर सोपी. वाटीभर तांदूळ चार वाट्या पाण्यात दालचिनी-लवंगा घालून मऊ शिजवावा, त्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ, ओले खोबरे, मनुका आणि अक्रोड घालून आटवावे. दूध घालायचेच तर खाली उतरवून, निवाल्यावर. नाहीतर गुळाने नासते, हे सुगरणींना सांगणे नलगे.

पिकारोनेस म्हणजे आपल्या भोपळ्याच्या घारग्यांची दूरची बहीण. पाव किलो लाल भोपळा आणि पाव किलो रताळी दालचिनी, लवंग, बडीशेप घातलेल्या पाण्यात शिजवून घोटून घ्यावीत. ते पाणी टाकू नये. गाळून कोमट झाले की त्यात चमचाभर यीस्ट आणि थोडी साखर विरघळवावी. अर्धा किलो मैदा, घोटलेला गर आणि लागेल तसे हे पाणी घालून पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट ठेवावे आणि बुडबुडे येईपर्यंत हाताने सडकून फेटावे. दोन तास झाकले की दुप्पट फुगते. पाकासाठी अर्धा किलो गूळ, दोन वाट्या पाणी, संत्र्याची साल आणि मिळाले तर अंजिराचे एक पान, एकतारी होईतो उकळावे. आता बोटे मिठाच्या पाण्यात बुडवून गोळा घ्यायचा, अंगठ्याने मधोमध भोक पाडायचे आणि तापल्या तेलात सोडायचा. मेदुवड्याची सवय असलेल्या हाताला हे लगेच जमते. इतरांची पहिली चार वेडीवाकडी होतात, ती मुलांना द्यावीत. लिमाच्या बाया लांब काडी भोकात घालून ती उलटतात आणि त्याच काडीवर पाच-सहा ओवून निथळत ठेवतात. वाढताना पाक वरून सढळ ओतावा. घारगे आपण चार दिवस पुरवतो, हे मात्र कढईतून पानात आले की लगेच संपवायचे.