सूर्येचे देणे

मनोर हे गाव वैतरणेच्या काठी वसलेले आहे. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी, मोठ्या नावलौकिकाची नदी. तिची उपनदी सूर्या मात्र कोणाच्या फारशी खिजगणतीत नसते. जव्हारकडील डोंगराळ मुलखातून ती निघते, चारोटीजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाखालून जाते, मग दक्षिणेकडे वळून मासवणवरून वाहत वैतरणेला मिळते. पुढे दोघींचे पाणी अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामध्ये समुद्रात जाते.

या दोन नद्यांमधील प्रदेशावर अशेरीगड उभा आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली व १५५६ मध्ये त्यांनी अशेरीही घेतला. गडाचे ठाणे मोक्याचे होतेच. पण भोवतालच्या रानातील सागवानही तितकेच मोलाचे होते. जहाजे सागवानाची बनत आणि भरतीच्या पाण्यावर गलबते वैतरणेतून थेट मनोरपर्यंत येत. पुढे १७३७ साली मराठ्यांनी अशेरी जिंकला आणि १७३९ मध्ये वसईही पडली. वसईचे दगडी वैभव आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या वैभवाच्या पाठीशी डोंगरातील रान होते आणि त्या रानात राहणारी माणसे होती, हे सांगावयास आपण विसरतो.

सत्ता बदलल्या, तरी ओघाची दिशा बदलली नाही. पूर्वी लाकूड खाली गेले, आता पाणी जाते. धामणी येथे सूर्येवर धरण बांधले गेले. त्याची साठवणक्षमता सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर असून त्याच्या खाली कवडास येथे बंधारा आहे. डहाणू-पालघर परिसरातील सुमारे १४,७०० हेक्टर जमीन भिजविणे हा या प्रकल्पाचा मूळ हेतू होता. कालांतराने नागरी वस्त्या वाढल्या, तशी पाण्याची वाटणी बदलत गेली. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी दररोज ४० कोटी ३० लाख लिटर पाणी नेणारी योजना आखण्यात आली आणि त्याविरुद्ध येथील शेतकरी व आदिवासी यांनी आवाज उठविला.

शहरांनी तहानलेले राहावे, असे आम्ही म्हणत नाही. वसईची खारी पट्टी आणि आटत चाललेल्या विहिरी आम्हांस ठाऊक आहेत. तथापि ज्या कुटुंबांची घरे व शेते धरणाच्या पाण्याखाली गेली, त्यांचा या पाण्यावरील हक्क पहिला आहे, हे मान्य करणे हा न्यायाचाच भाग नव्हे काय? धरणालगतच्या पाड्यांतील बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण करीत असतील, तर खालच्या गावात सहज उघडणाऱ्या नळाला त्यांचे देणे लागते.

सूर्या लहान नदी आहे. परंतु तिने आपल्यावर केलेले उपकार लहान नाहीत. ओंजळीतले पाणी कोठून आले, एवढे तरी आपण आपल्या मुलांना सांगू या.